मुलांचं गॅदरिंग मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांना शाळेबद्दल आपुलकी उरली नाही, असा सूर लावणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकांनी सगळं खापर मुलांच्या डोक्यावर फोडलं आहे. मोबाइल, क्लास, आळस. शाळा सुटली की फाटकाबाहेर पळ काढतात, कार्यक्रमात रस घेत नाहीत, वगैरे. लेखकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून विचारते, यातल्या एका तरी मुलाला त्यांनी 'का?' असं विचारलं होतं का? माझी मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गाला शाळेत काय काय करू दिलं जात नाही ते मी जवळून बघते आहे, म्हणून राहवलं नाही.

गेल्या गॅदरिंगसाठी या वर्गाने एक नाटिका बसवली होती. हजेरीपट हरवतो आणि अख्खी शाळा तो शोधत सुटते, अशी गोष्ट. लिहिली मुलांनीच. ती वही अजून आमच्या घरात आहे. दोनशे पानी, चार जणांच्या अक्षरातली, खोडलेल्या संवादांवर बारीक अक्षरात नवे संवाद, आणि समासात 'इथे थांब, लोक हसतील' अशा सूचना. मधल्या सुट्टीत जिन्याखाली तालमी चालायच्या. वर्गात एक मुलगा आहे, कधी तोंड न उघडणारा. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतो. त्याच्या वाट्याला शिपायाचं काम आलं, जेमतेम चार वाक्यांचं. पठ्ठ्याने सगळ्यांचे संवाद पाठ केले. तालमीला कुणी आलं नाही की हा त्याच्या जागी उभा! पोरं त्याला 'प्रॉम्प्टर' म्हणून हाका मारू लागली आणि तो चक्क ओ द्यायला लागला. हे सगळं मुलगी घरी येऊन इतक्या रंगून सांगायची की मलाही त्या नाटिकेची ओढ लागली होती.

मग शाळेने गॅदरिंगचं काम बाहेरच्या इव्हेंटवाल्यांना दिलं. कोरिओग्राफर आले, प्रत्येक तुकडीला एकेक गाणं वाटून दिलं, कपडे भाड्याने आले आणि नाटिका यादीतून उडाली. मी वर्गशिक्षिकांना जाऊन भेटले. "ताई, मलाही वाईट वाटतंय हो, पण वरून ठरलंय. व्हिडिओत नाटिका उठून दिसत नाही म्हणतात." बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात काही नव्हतं. पण ते कारण मला आजही पटलेलं नाही. गॅदरिंग करायचं कुणासाठी, मुलांसाठी की व्हिडिओसाठी? ताल चुकतो म्हणून त्या मुलाला नाचातून काढलं. कार्यक्रमाच्या दिवशी तो शाळेकडे फिरकला नाही. कालच्या लेखातलं मोजमाप लावलं तर तो 'रस न घेणारा विद्यार्थी' ठरतो, आणि याचाच मला संताप आला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं ३१वं कलम संस्थाचालकांनी एकदा वाचावं. विश्रांती, खेळ आणि वयाला शोभेल असं मनोरंजन हा मुलांचा हक्क आहे, सांस्कृतिक जीवनात आणि कलांमध्ये मोकळेपणाने भाग घेण्याचाही हक्क आहे, असं त्यात लिहिलं आहे. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी हा करार मान्य केला आहे. दुसऱ्याने ठरवलेल्या गाण्यावर, दुसऱ्याने शिकवलेली पावलं टाकत तिसऱ्या रांगेत उभं राहायचं, याला मोकळेपणाने भाग घेणं म्हणत नाहीत.

खेळाच्या तासाचीही तीच गत. वेळापत्रकात तो असतो, पण चाचणी जवळ आली की गणिताला जातो, आणि दहावीत तर तो नावालाच. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ ते १७ वयाची दर पाचातली चार मुलं तेवढी हालचाल करत नाहीत, हे तिनेच २०१९मध्ये १४६ देशांच्या पाहणीतून दाखवलं होतं. मैदान कुलूपबंद ठेवायचं आणि मुलं मोबाइलला चिकटली म्हणून लेख लिहायचे, हा अन्याय आहे.

शाळेवर जीव जडतो तो तिथे आपल्या हाताने काही केलं की. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, तेव्हा ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. त्यासाठी व्हिडिओवाला लागला नाही, कागद आणि मुलांबद्दलची आस्था पुरली. आमच्या शाळेत भित्तिपत्रकाचा फळा होता. आता त्यावर दहावीत पहिल्या आलेल्यांच्या फोटोंचा फ्लेक्स आहे. त्या मुलांचं कौतुक जरूर करा, पण त्याला दुसरी भिंत मिळाली नसती का?

जाता जाता एक तक्रार तुमच्या वर्तमानपत्राबद्दलही. 'स्नेहसंमेलन उत्साहात' या मथळ्याच्या तुमच्या बातम्या मी नेमाने वाचते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन कुणी केलं, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळी नावं पदांसह छापलेली असतात. मुलांबद्दल एक ओळ, 'विद्यार्थ्यांनी विविध कलागुण सादर केले.' आणि फोटोत सत्कार, शाल, श्रीफळ. ज्यांचा कार्यक्रम त्यांचं एकही नाव नाही.

लवकरच गॅदरिंगचे दिवस सुरू होतील. तुमच्या बातमीदारांना एवढं सांगा, की व्यासपीठावरून खाली उतरून थोडं पडद्यामागे जा. नाटिका कुणी लिहिली, नेपथ्य कुणी रंगवलं, पडदा कुणी ओढला ते मुलांना विचारा आणि त्यांची नावं छापा. जागा कमी पडली तर पाहुण्यांची दोन नावं गाळा. आणि मुलांच्या आपुलकीवर पुन्हा लेख छापणार असाल, तर तो नववी-दहावीतल्या कुणाकडून तरी लिहून घ्या.

आपली,
नववीतल्या एका विद्यार्थिनीची आई