मुलाचं घर न बघता अहवाल नको

महोदय,

माझ्या मुलाच्या घटस्फोटाचं प्रकरण चालू होतं तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. त्याचा ताबा कुणाकडे द्यायचा, यासाठी न्यायालयाच्या समुपदेशकांनी नातवाशी बोलावं असं ठरलं. वीसेक मिनिटांत नातू बाहेर आला. आतल्या बाई मायेनं बोलल्या, त्यांना मी दोष देत नाही. बाहेर बाकड्यांवर बसायलाही जागा नव्हती आणि तिथं थांबलेल्या सगळ्यांना त्याच दिवशी त्या बाईंना भेटायचं होतं.

रात्री अंथरुणात नातवानं विचारलं, ‘आज्जी, मी बरोबर बोललो न्हवं?’

‘मला आज्जीकडंच राहायचंय’ हे वाक्य आम्ही त्याच्याकडून आठवडाभर घोटून घेतलं होतं. त्यात मीही होते. त्याचा मला आजही त्रास होतो, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. न्यायालय कुठलं ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका कचेरीचा नाही.

पालक व पाल्य कायदा 1890 चा आहे. मूल समजतं असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं त्यात आहे. पण ती इच्छा मुलाची की घरच्यांची, हे वीस मिनिटांत कोण ओळखणार? सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या एका निकालात हेच ओळखलं. मुलगी लहानपणापासून आईपासून दूर वाढली होती आणि वडिलांकडेच राहायचं म्हणत होती. तेवढ्यावर न थांबता न्यायालयानं तिला एका शैक्षणिक वर्षापुरतं आईकडे दिलं.

कायद्यात सोय नाही असंही नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 12 नुसार न्यायाधीशांना वैद्यकीय तज्ज्ञांची आणि कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या जाणकार व्यक्तींची मदत घेता येते. दोन्ही घरचं वातावरण कसं आहे, मुलाचं कुणाशी कसं आहे, याचा अहवाल समुपदेशकांकडून मागवता येतो. इंग्लंडमध्ये तर मुलांच्या बाजूनं चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणारी कॅफकॅस ही वेगळी यंत्रणाच 2001 पासून आहे. आपल्याकडे समेट घडवायचं आणि मुलाची पारख करायचं, अशी दोन्ही कामं बऱ्याचदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. ही कामं वेगळी आहेत. समेटासाठी मन मोकळं करायला सांगणाऱ्या बाईच उद्या आपल्याबद्दल अहवाल लिहिणार असतील, तर आई-बाप त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतील कसे?

आमच्या घरी कुणी आलं असतं तर त्यांना दिसलं असतं की नातवाचा अभ्यास मी घेते आणि त्याचा बाप रात्री दहाला दुकान बंद करून येतो. शाळेत कुणी गेलं असतं तर वर्गाच्या बाईंनी सांगितलं असतं की शुक्रवारी हा डबा उघडतच नाही, कारण शनिवारी त्याला या घरातून त्या घरात जायचं असतं. बाईंनी हे मला सांगितलं, पण प्रकरण संपल्यावर. त्याआधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी वकील आणि नागरिक कित्येक वर्षं रस्त्यावर उतरले, त्याचा मला अभिमान आहे. आता या बेंचखालच्या सहाही जिल्ह्यांतल्या मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांकडे त्याच जिव्हाळ्यानं बघितलं जावं. अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीनं दोन्ही घरी जावं, जमल्यास न कळवता. मुलाला एकदा आईबरोबर आणि एकदा वडिलांबरोबर बघावं, शाळेत जाऊन यावं. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली मुलंमुली आपल्या शहरात आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि मानधन देऊन या कामाला घ्यावं. अहवाल दोन्ही बाजूंना वाचायला मिळावा आणि त्यावर प्रश्न विचारता यावेत, कारण अहवाल देणाराही माणूसच असतो, त्याचीही चूक होऊ शकते. निकाल न्यायाधीशांनीच द्यायचा आहे, पण त्यांच्यासमोर मुलाची खरी हकीकत तरी यावी.

नातू आता आईकडे असतो. तो तिथे नीट आहे.

– एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये.)