बाबांचं इंजिन

ती. आई-बाबा यांना,
सा. न.

बाबा, तुम्ही केलेल्या छोट्या वाफेच्या रेल्वे इंजिनाचा बॉयलर मी नवा करायला घेतलाय. फोनवर बोलले असते तर ‘राहू दे’ म्हणून तुम्ही विषय संपवला असता, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

चाकं, सिलिंडर, दांडे उत्तम आहेत. रॉकेलमध्ये भिजवल्यावर पिस्टन हातानं सुटले. पिस्टनच्या दांड्याभोवती वाफ अडवणारं ग्लँडचं पॅकिंग तेवढं दगड झालं होतं, तिथं ग्रॅफाइटची दोरी भरली. बॉयलरच्या जाकिटाखालची पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची वाटली, ती मास्क लावून, ओली करूनच काढली.

बॉयलरवर मात्र माझा भरवसा बसेना. फायरबॉक्सला, म्हणजे आगीच्या पेटीला, बाहेरच्या कवचाशी धरून ठेवणाऱ्या स्टेंभोवती तुम्ही साधं सोल्डर भरलंय. तेव्हा बरेच जण तसं करत. पण चौरस इंचाला ८० पौंड दाबाला वाफ १६० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना पातळ व्हायला लागतं. पाणी खाली जाऊन फायरबॉक्सचा माथा उघडा पडला, तर ते टिकायचं नाही. वरून सिल्व्हर सोल्डर, म्हणजे खूप जास्त उष्णतेला वितळणारं चांदीचं डाग, मारावं म्हटलं, तर तांब्यावर एकदा शिसं बसलं की ते नीट धरत नाही. उद्यमनगरात दाखवला, तिथंही हेच मत पडलं. म्हणून तुमच्याच मापांनी नवा तांब्याचा बॉयलर, सगळे सांधे सिल्व्हर सोल्डरचे. आग पेटवण्याआधी थंड पाण्यानं १६० पौंडांपर्यंत, म्हणजे दुप्पट दाब देऊन तपासणार. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर नुसती धार उडते, स्फोट होत नाही. आई, हे खास तुझ्यासाठी.

जुना बॉयलर मोडीत जाणार नाही. तो काचेच्या कपाटात राहील.

बाकीचं तुमचं काम आहे तसंच ठेवलंय. डाव्या कनेक्टिंग रॉडवर कानशीचे तिरके ओरखडे आहेत, उजव्यावर जवळपास नाहीतच. डावा तुम्ही आधी केला असणार. लेथवरचा पोरगा बफ मारून देतो म्हणाला, मी दिला नाही. तुमचा हात कसा बसत गेला ते त्या दोन दांड्यांत दिसतं, बाबा, आणि मला ते फार मोलाचं आहे. आई, चिंचेनं घासून घे म्हणालीस, पण पितळेलाही हात लावलेला नाही.

तुमच्या वहीत गणित सापडलं: मीटर गेजला, म्हणजे रुळांमधल्या एक मीटर अंतराला, साडेतीन इंच, म्हणजे साधारण सव्वाअकरावा हिस्सा. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आली ती मीटर गेजचीच लाईन. ब्रॉडगेज व्हायच्या आधी तुम्ही स्टेशनात उभं राहून ज्या गाड्या बघायचात, त्याच मनात होत्या ना?

आता अडलंय ते एका ठिकाणी. वाफेची झडप हलवणाऱ्या एक्सेंट्रिकच्या चकतीवर तुम्ही दोन रेघा मारल्यात, एक ठळक, एक बारीक. ठळक रेघेवर लावून कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवलं, तर पुढे जाताना ठोके सारखे पडतात, मागे घेताना एक लांबतो. बारीक रेघ त्यासाठीच आहे का? फोनवर नको, कागदावर आकृती काढून दादाबरोबर पाठवा. तो शनिवारी पुण्याहून निघतोय.

तुमची,
ताई