धुळ्याच्या भाऊंना, माझ्या गाण्यांच्या नोटा जागेवर बसवून दिल्याबद्दल

भाऊ, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला, पण माझं मन काही भरलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमच्या पारोळ्याकडे श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते, रात्री बाया अहिराणीत गाणी म्हणतात, एक जण म्हणते आणि बाकीच्या झेलतात. माझ्या सासूबाईंना ही गाणी तोंडपाठ होती. त्या गेल्या, पण त्याआधी अकरा गाणी मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती सुरांसकट कागदावर यावीत हा माझा ध्यास. सारेगम लिहायची भातखंडे पद्धत मला येते, पण घरातली पुढची पिढी व्हायोलिन शिकतेय, त्यांना पाच रेघांचंच वाचता येतं, म्हणून म्युझस्कोर हे नोटा लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की बसत गेले.

नोटा बरोबर होत्या पण पान बघवत नव्हतं. एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या घरात, पहिल्या नोटेनंतर वीतभर जागा आणि पुढच्या तीन नोटा एकमेकींवर चढलेल्या, शब्द भलत्याच नोटेखाली, वेलांट्या वरच्या नोटांना भिडलेल्या. मी एकेक नोट माऊसने ओढून सरळ करायचे, दोन महिने तेच केलं, आणि एक दिवस पानाचा साईझ बदलला तर ते सगळं ओढलेलं विस्कटलं. त्या रात्री मी खरंच रडले. मग माझ्या मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, की धुळ्यात एक जण लग्नाच्या बँडसाठी क्लॅरिनेटचे, ट्रम्पेटचे पार्ट लिहून देतो, त्याला विचार.

तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे, "ताई, पहिले हात काढा, मंग देखूत." फाईलची कॉपी करून ठेवायला लावली, सगळं सिलेक्ट करून कंट्रोल आर दाबायला सांगितलं, आणि माझं दोन महिन्यांचं ओढणं एका सेकंदात पुसलं गेलं. धस्स झालं होतं मला. पण त्यानंतर तुम्ही जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, की नोटेची जागा दोन गोष्टींवर ठरते, तिचा काळ आणि तिच्याखालचं अक्षर. हाफ नोट क्वार्टरच्या दुप्पट वेळ चालते म्हणून कागदावर तिला दुप्पट जागा देत नाहीत, साधारण दीडपट देतात, आणि ते सॉफ्टवेअर स्वतःच करतं. मग माझं का बिघडत होतं? कारण मी "कानबाई" हा अख्खा शब्द पहिल्याच नोटेखाली टाईप करत होते. चार अक्षरांची रुंदी त्या एकटीच्या वाट्याला, आणि बाकीच्या तिघी कोपऱ्यात. का, मग हायफन, न, मग हायफन, बा, ई, असं एकेका नोटेखाली टाकलं आणि तो बार माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाला! जिथे एकच अक्षर चार सुरांवर लांबतं तिथे अंडरस्कोरची रेघ. स्टाईलमध्ये जाऊन शब्दांचं स्टाफपासूनचं, म्हणजे त्या पाच रेघांपासूनचं, अंतर थोडं वाढवलं, वेलांट्या सुटल्या.

चाल सहाच्या ठेक्याची, आणि मी ती तीन-चारच्या (3/4) मापात बसवली होती. तीन-चार काय आणि सहा-आठ (6/8) काय, दोन्हीत एट्थ नोटा, म्हणजे क्वार्टरच्या अर्ध्या, सहाच, पण तीन-चारमध्ये त्या दोन-दोन-दोन अशा बांधल्या जातात आणि सहा-आठमध्ये तीन-तीन. मला ते अलाइनमेंटचं दुखणं वाटत होतं, तुम्ही रेकॉर्डिंग एकदा ऐकलं आणि टाळ्या वाजवून दाखवल्या, तीन-तीन. टाइम सिग्नेचर, म्हणजे सुरुवातीचा तो मापाचा आकडा, बदलली, काम झालं. माझ्या सासूबाईंच्या टाळ्या पण तशाच पडायच्या.

झेलणाऱ्या बायांचा आवाज मी मुख्य आवाजातच कोंबला होता. तो तुम्ही दुसऱ्या व्हॉईसमध्ये टाकायला लावला, एकीच्या दांड्या वर, दुसरीच्या खाली. आणि सा-रे असे शेजारचे सूर एकाच वेळी आले की एका नोटेचं डोकं बाजूला सरकलेलं दिसतं, ती चूक समजून मी दोन्ही डोकी एकमेकांवर ओढून बसवायचे, म्हणजे जे वाचता यावं म्हणून सरकवलं होतं तेच मी झाकत होते.

ओळ कुठे तोडायची तेही तुम्हीच सांगितलं, जिथे म्हणणारी श्वास घेते तिथे बार निवडून एंटर. हे बँडवाल्यालाच सुचणार, रस्त्यात उभं राहून वाचणाऱ्याला ओळ मध्येच तुटलेली चालत नाही.

तीन रविवार तुम्ही मला दिले. लग्नसराई होती, तुमच्या मागे कामं होती हे मला नंतर कळलं. पैशाचं विचारलं तर म्हणालात, माझ्या आईची पण हीच गाणी आहेत.

नऊ गाणी प्रिंट झालीत, एक संच तुमच्या आईंसाठी पोस्टाने पाठवलाय. चंपाषष्ठी झाली की त्यांना घेऊन घरी या, भरीत आणि कळण्याची भाकर करते. उरलेल्या दोन गाण्यांत मुरकीच्या, म्हणजे गळ्यातल्या झटपट वळणाच्या, बारीक नोटा अजून पुढच्या नोटेला चिकटतायत, मी काहीही ओढलेलं नाही, रविवारी सवड असली तर फोन करते.

तुमची,
पारोळ्याची ताई