अण्णा, हे पत्र तुमच्यासाठी

ती. अण्णांना,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. "अक्का, पंपाचं बेअरिंग आवाज करतंय, बघून घ्या," म्हणता आणि सायकलवर टांग टाकता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. सोलापुरात पोहायचे हौद साफ करणारा असा माणूस आहे हे लोकांना कळायलाच हवं.

विजापूर रोडवरच्या आमच्या घरामागचा पोहायचा हौद बाबांनी मोठ्या हौसेनं बांधला. ३० बाय १५ फूट, मधे साडेचार फूट खोल. स्वतः ते मंगळवेढ्याकडे विहिरीत पोहायला शिकलेले. उन्हाळा आला की विहिरीत, तलावात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या वाचून ते बेचैन व्हायचे. गल्लीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी पाठीला डबा बांधून या हौदात शिकवलं. बाबा गेले आणि पंप बंद पडला तो पडलाच. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं, वर कडुनिंबाचा पाला, खाली तळाचा पत्ता नाही. शेवटी डासांच्या अळ्या झाल्या म्हणून आरोग्य खात्याच्या मुलींनी येऊन त्यात गप्पी मासे सोडले.

तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. एकानं एप्रिलच्या भर दुपारी क्लोरीनची पावडर ओतली आणि "उद्या तळ दिसेल" म्हणून पैसे घेऊन गेला. सोलापूरचं ते ऊन काही तासांत क्लोरीन खाऊन टाकतं. पूल साफ करण्याचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसावं? दुसरा महिनोन्‌महिने क्लोरीनच्या गोळ्या टाकून बिलं देत राहिला. तिसऱ्यानं ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं बंद केलं. आणि एक साहेब बुटांसकट काठावर उभे राहून आईला म्हणाले, "आजी, मुरूम टाकून बुजवा, दोन गाड्यांचं पार्किंग होईल." आई त्या दिवशी जेवली नाही.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही आलात. बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकलेत, रंग पाहिलात, आणि पैशाचा विषय काढायच्या आधी आम्हाला बसवून समजावून सांगितलंत. क्लोरीन शून्य आहे, पण गोळ्यांतलं स्टॅबिलायझर भरमसाट साठलंय. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं खरं, पण स्वतः उडून जात नाही, आणि प्रमाणाबाहेर गेलं की कितीही क्लोरीन ओता, शेवाळ दाद देत नाही. इतकी साधी गोष्ट आजवर आम्हाला एकानंही सांगितली नव्हती.

भाऊ म्हणाला, सगळंच उपसून टाकू. तुम्ही नाही म्हणालात. पावसाळा नुकता संपलेला, काळी माती फुगलेली. बाहेरून ओलीचा दाब आणि आत पाण्याचा भार नाही, अशा वेळी भिंतींना तडे जातात, तळ उचलला जातो. शिवाय नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात जवळजवळ ५७ हजार लिटर पाणी गटारात सोडायचं? "अर्धंच बदलू, तेवढ्यानं स्टॅबिलायझर निम्म्यावर येतं," म्हणालात. पूर्ण उपसायचं काम घेतलं असतंत तर तुमची मजुरी दुप्पट झाली असती, हे मला नंतर कळलं.

पण अण्णा, माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. मोटार लावायच्या आधी तुम्ही काठावर उकिडवे बसलात, बराच वेळ पाण्यात बघत राहिलात आणि म्हणालात, "अक्का, आधी या माशांची सोय करू. क्लोरीन पडलं की मरतील बिचारे." तुम्ही जुनं कापड मागितलंत. हाताला आलं ते बाबांचं धोतर. मी थबकले. तुम्ही ओळखलंत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा गेल्यापासून तिनं मागच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. तुम्ही तिला कानडीत हाक मारलीत, धोतराचं दुसरं टोक धराल का म्हणून विचारलंत. तिचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं, कानडी ऐकून ती विरघळतेच. ती आली. पदर खोचून पायरीवर उतरली. तुम्ही दोघांनी ते धोतर झोळीसारखं पाण्यात धरलंत, हळूच वर उचललंत, आणि बोटाच्या पेराएवढे ते मासे बादलीत सोडलेत. पुन्हा, पुन्हा, एक एक कोपरा धरून. एक मासा धोतराच्या काठात अडकला होता, तो तुम्ही नखानं न ओढता ओंजळीत पाणी घेऊन सोडवलात. आई कितीतरी महिन्यांनी बाबांबद्दल बोलायला लागली, तेही एका परक्या माणसाशी.

पुढचं काम तुम्ही केलंत ते केलंतच. दिवस मावळल्यावर क्लोरीन, रात्रभर पंप, भिंती घासणं, फिल्टरच्या गेजचा काटा चढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. हिरवं पाणी दुधाळ झालं, मग निवळत गेलं. पोरं उड्या मारायला उतावीळ झाली तर तुम्ही दटावलंत, तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. बरोबरच आहे, बुडणारा माणूस वरून दिसायला हवा. बाबांनीही हेच केलं असतं.

हातात कसब असलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याच्या घरात शिरताना तिथं कोण राहतं, कशाचं दुःख आहे, याचा अंदाज घेऊन आवाज खाली आणणारी माणसं मला फार कमी भेटली. मोठ्या पाट्या आणि छापील कार्डं असलेल्यांकडे ते नव्हतं. तुमच्याकडे पाटी नाही, कार्ड नाही. तुमच्यामुळे माझा माणसांवरचा विश्वास परत आला, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

येत्या रविवारपासून भाऊ गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवणार आहे. तुमच्या नातीला घेऊन या, तिचं नाव यादीत पहिलं घातलंय. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे आई करणार आहे. शेवटच्या दिवसाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत, ते पाकीट तिनं देव्हाऱ्यात ठेवलंय आणि ते घेतल्याशिवाय ती तुम्हाला जेवायला वाढणार नाही, असं तिनं स्वतः सांगायला सांगितलंय.

तुमची,
अक्का
विजापूर रोड, सोलापूर