के२० की के२४? मित्रास पत्र

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या सिव्हिकमध्ये बसवायला होंडाचं के२० इंजिन घ्यावं की के२४, हे विचारणारं तुझं पत्र मिळालं. दोन पानं इंजिनांच्या आकड्यांनी भरलेली, आणि गाडी तू चालवणार कशी, याबद्दल शेवटी जेमतेम दीड ओळ. माझं उत्तर त्या दीड ओळीवरच बेतलेलं आहे. पण नुसतं ‘हे घे’ म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, उलट नवे आकडे काढून वाद घालशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टर्बोचा विषय तूच कापून टाकलास हे बरं केलंस. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असता तर इंजिन थोडं लहान निवडूनही बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून भागवता आलं असतं. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे टर्बोविना चालणाऱ्या, इंजिनात ती सोय नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत ओढली जाईल तेवढंच पेट्रोल जळणार. त्यामुळे टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) एक मर्यादा आपोआप पडते: रस्त्यावरच्या चांगल्या पेट्रोल इंजिनात दर लिटरमागे साधारण १०० न्यूटन-मीटर. त्यापुढे जायचं तर दोनच रस्ते. एक तर सीसी वाढवायची, नाही तर तोच टॉर्क जास्त आरपीएमवर टिकवून ताकद काढायची. तुझ्यासमोरची दोन इंजिनं म्हणजे नेमके हे दोन रस्ते आहेत. दोन्ही होंडाचीच, एकाच के मालिकेतली, म्हणून तुला ती सख्खी भावंडं वाटतात. स्वभाव मात्र एकदम वेगळे.

के२०ए, म्हणजे २००१च्या इंटेग्रा टाइप आरमधलं (डीसी५): १९९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची धाव) ८६ मिमी, कॉम्प्रेशन ११.५. ताकद ८००० आरपीएमला २२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), टॉर्क ७००० आरपीएमला २०६ न्यूटन-मीटर, आणि लाल रेघ, म्हणजे आरपीएमची कमाल हद्द, ८४००वर. के२४ए२, म्हणजे २००४च्या अ‍ॅक्युरा (होंडाचाच अमेरिकेतला ब्रँड) टीएसएक्समधलं: २३५४ सीसी, बोअर ८७, स्ट्रोक तब्बल ९९ मिमी, कॉम्प्रेशन १०.५. ताकद ६८०० आरपीएमला २०० अश्वशक्ती, टॉर्क ४५०० आरपीएमला साधारण २२५ न्यूटन-मीटर, लाल रेघ ७१००च्या आसपास. लिटरमागे हिशेब केलास तर के२० १०३ देतं आणि के२४ ९६. म्हणजे कारागिरीत के२० वरचढ, यात वाद नाही. तू याच आकड्यावर भाळलायस. पण दिगू, गाडी लिटरमागच्या हिशेबाने पळत नाही. चाकापर्यंत काय पोचतं आणि केव्हा पोचतं, ते बघावं लागतं.

म्हणून गिअरबॉक्स मध्ये आणू. टाइप आरच्या सहा गिअरच्या पेटीत फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर-गुणोत्तर) ४.७६४ आहे, तर अमेरिकेतल्या अ‍ॅक्युरा आरएसएक्स टाइप एसच्या पेटीत ४.३८९. पहिले तीन गिअर दोन्हींत जवळपास सारखेच. आता के२०ला पहिली पेटी लाव आणि के२४ला दुसरी. २०६ गुणिले ४.७६४ म्हणजे ९८१, आणि २२५ गुणिले ४.३८९ म्हणजे ९८८. चाकावरचा जास्तीत जास्त जोर सारखाच! फरक एवढाच की के२४ तो ४५००ला देतं आणि के२० ७०००ला. त्यात के२०चे मोठे कॅम लोब (व्हॉल्व्ह जास्त उघडणारे कॅमवरचे उंचवटे) ६०००च्या आसपास कामाला लागतात. त्याखाली ते एक सभ्य, गुणी दोन लिटरचं इंजिन असतं, बाकी काही नाही.

के२०च्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. ते ८४००पर्यंत फिरतं, त्यामुळे आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याची, फायनल ड्राइव्ह असूनही एकाच गिअरमध्ये के२४पेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त वेगापर्यंत जातं. सलग वळणांच्या ट्रॅकवर, जिथे के२४वाला मधेच तिसरा टाकतो, तिथे तू दुसऱ्यातच खेचत राहशील. तिथे गिअर बदलण्यात वाया जाणारा वेळ वाचतो. आणि वर गेल्यावरचा तो आवाज! त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मग हे पत्र के२०च्या बाजूनेच संपेल.

पण तुझ्या त्या दीड ओळीत काय आहे? ‘रोजचं येणंजाणं, सुट्टीत घाट, आणि जमलं तर वर्षातून एखाददुसरा ट्रॅक डे.’ घाटात हेअरपिनमधून बाहेर पडताना काटा कुठे असतो ते आठव. तीन ते पाच हजारांमध्ये. दर वळणाला पहिला गिअर टाकून ७०००ला नेण्याची हौस पहिल्या महिन्यात फिटते. त्यानंतर माणूस पिकअप शोधतो. तुझी सिव्हिक (ईजी पिढीची) एक टनाच्या आसपासची हलकी गाडी. तिला ४५००वर २२५ न्यूटन-मीटर मिळाले की दुसऱ्या गिअरमध्येच पुढची चाकं कुरकुरतील. म्हणून कुठलंही इंजिन घेतलंस तरी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) विसरू नकोस. टाइप आरच्या पेटीत ते मुळातच असतं, टाइप एसच्या पेटीत वेगळं बसवावं लागेल.

हाच पेच खुद्द होंडालाही पडला होता. एस२००० या त्यांच्या स्पोर्ट्स कारचं पहिलं एफ२०सी इंजिन १९९७ सीसीचं, स्ट्रोक ८४ मिमी, ९००० आरपीएमच्या गप्पा मारणारं. २००४मध्ये अमेरिकेतल्या गाडीसाठी त्यांनी बोअर तोच ठेवून स्ट्रोक ९०.७ केला, सीसी २१५७ झाली. कागदावरची ताकद २४०च राहिली, लाल रेघ खाली आली, पण टॉर्क वाढला आणि हजारभर आरपीएम आधी मिळू लागला. जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. रोज चालवणाऱ्यांना मात्र नवी गाडी सोपी गेली. मला यात पराभव दिसत नाही. रस्त्यावर माणसं गाडी कशी हाकतात, ते त्यांनी बघितलं एवढंच.

तेव्हा माझं मत: के२४ए२ घे. आणि ते घेतल्यावर त्याला के२० बनवायचा प्रयत्न करू नकोस. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण तुझा हात मला माहीत आहे. के२०च्या ८४०० आरपीएमचं स्वप्न तू के२४वर लादणार.

हिशेब बघ. ८४०० आरपीएमला के२०च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर होतो. के२४चा स्ट्रोक लांब असल्यामुळे तोच वेग ७३००लाच गाठला जातो. ८४००ला नेलंस तर तो साडेसत्तावीसच्या वर जातो. शिवाय पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो तेव्हा कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टांवर येणारा ताण स्ट्रोकच्या पटीत आणि आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एकाच आरपीएमला के२४वर तो पंधरा टक्के जास्त. मूळ रॉड आणि पिस्टन ठेवून ७५००च्या आत राहिलास तर इंजिन वर्षानुवर्षं साथ देईल. त्यावर जायचं तर रॉड, बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग सगळं बदल, आणि मग ‘स्वस्तातला के२४’ हा शब्द विसर.

एकच बदल मात्र नक्की कर: ऑइल पंप. के२४च्या पंपाबरोबर बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारे दांडे) असतात, ते क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. क्रँक ७५००ला तर ते १५,०००ला! टीएसएक्सच्या गाडीत त्यांनी केबिन शांत ठेवली, तिथे ते शोभतात. सतत वर फिरणाऱ्या इंजिनात नको. के२०ए किंवा के२०ए२चा साधा पंप के२४च्या ब्लॉकवर थोड्या घासाघिशीने बसतो, आणि हे काम पुष्कळांनी केलेलं आहे. थरथर वाढेल. लांब स्ट्रोकच्या चार सिलिंडरात ती असणारच, स्टिअरिंगवर आणि आरशात जाणवेल. ट्रॅकवर जाणार असशील तर खालच्या ऑइल चेंबरमध्ये बॅफलही (ऑइल अडवणारे पत्रे) टाकून घे, लांब वळणात ऑइल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो.

आता तुझा तो ‘के२४चा ब्लॉक आणि के२०चं हेड’ हा बेत, म्हणजे खालचा सिलिंडरचा भाग एकाचा आणि वरचा व्हॉल्व्हचा दुसऱ्याचा. ज्यांच्याकडे साध्या अ‍ॅकॉर्डचं किंवा एलिमेंटचं के२४ए४ आहे, त्यांनी तो करावा, कारण त्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला व्हीटेकच (ते मोठे लोब कामाला लावणारी होंडाची यंत्रणा) नसतं. के२४ए२च्या हेडमध्ये मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे तीन-तीन लोबचं खरं व्हीटेक आहे. मग हेड बदलून मिळवणार काय? म्हणूनच इंजिन घेताना विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. ब्लॉकवर ठोकलेला कोड वाच, हेडवर आरबीबी असं उठावात दिसतंय का बघ, आणि हेडवरचं टॅपेट कव्हर काढून लोब स्वतःच्या डोळ्यांनी मोज. कव्हर उघडलंच आहे तर एक्झॉस्ट कॅमच्या लोबवर ओरखडे आहेत का तेही पाहून घे. इंजिन चालू करून दाखवणार असतील तर ते थंड असतानाच जा. चेनच्या बाजूने पहिल्या क्षणी खडखड झाली, तर व्हीटीसीचा (कॅमची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचा) गिअर किंवा चेन यांचा खर्च आलाच म्हणून समज. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची आणि लीकडाउनची (दाब किती गळतो याची) चाचणी घे. आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती, हे जास्त बोलकं असतं.

पेट्रोलचाही विचार कर. टाइप आरचं ११.५ कॉम्प्रेशन जपानमधल्या १०० ऑक्टेनच्या इंधनावर ट्यून केलेलं आहे. त्याहून हलकं पेट्रोल भरलंस की नॉकिंग (इंधन अवेळी जळणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेणार आणि ज्या सतराएक जास्तीच्या पीएससाठी तू जीव टाकतोयस त्यातले काही तिथेच गळणार. १०.५वाल्या के२४लाही चांगलंच पेट्रोल लागतं, पण ते एवढं नाजूक नाही.

बसवण्याच्या बाबतीत के२० सोपं, हे कबूल. दोघांतला मोठा फरक उंचीचा आहे. के२०च्या ब्लॉकची उंची (डेक) २१२ मिमी, के२४ची २३१.५. हे जवळपास दोन सेंटिमीटर तुझ्या ईजीच्या बॉनेटखाली फार मोठे आहेत. इंजिन खाली बसवलंस तर चेंबर रस्त्याला टेकायला येतं आणि अ‍ॅक्सलचे कोन बिघडतात. वर ठेवलंस तर बॉनेट लागतं. हेडवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करून बघ. माती किती दबली त्यावरून माउंटिंगची निवड ठरव, उलटं करू नकोस.

बाकीची कटकट दोन्ही इंजिनांना सारखीच. के मालिका तुझ्या जुन्या इंजिनाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाजू अदलाबदल होतात, एक्झॉस्ट पुढून मागे येतो आणि हेडरला (एक्झॉस्टच्या नळ्यांना) स्टिअरिंग रॅकजवळून वाट काढावी लागते. अ‍ॅक्सल खास करून घ्यावे लागतील. तुझा गिअर दांड्याने बदलतो, के मालिकेचा केबलने. टीएसएक्सचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, तेव्हा सरळ केबलचा थ्रॉटल बॉडी, आरएसएक्स टाइप एसचा ईसीयू आणि त्यावर होंडाटाचं के-प्रो (ईसीयू हवा तसा ट्यून करायची सोय) असा मार्ग धर. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचा) प्रश्नही तिथेच सुटतो. इनटेक मॅनिफोल्डसाठी (हवा आत नेणाऱ्या नळ्यांसाठी) २००६च्या सिव्हिक एसआयवरचा आरबीसी शोध, के२४ला तो वरच्या आरपीएमवर मोकळा श्वास देतो. कॅम मात्र लगेच बदलू नकोस. मोठ्या लिफ्टचे कॅम टाकले की व्हीटीसी पुढे सरकताना व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजत बसावं लागतं.

पैसे कुठे घालायचे ते सांगतो: हेडर, नीट केलेलं ट्यूनिंग, रेडिएटर आणि ब्रेक. ब्रेकचा तुझ्या दोन पानांत कुठेही उल्लेख नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

एका परिस्थितीत मी मत फिरवीन. कोणी तुला टाइप आरचं पूर्ण सामान, म्हणजे इंजिन, लिमिटेड स्लिपची पेटी, हार्नेस (वायरिंग), ईसीयू, सगळं एकाच गाडीतून उतरवलेलं, एकत्र देत असेल, तर के२० घेऊन टाक. सुटे भाग जमवताना जो वेळ आणि डोकं जातं, त्यापुढे पिकअपचा मुद्दा मी सोडून देईन. नुसतं इंजिन मिळत असेल, तर के२४ए२च.

बॉनेटखालचं माप घेऊन लगेच कळव. आणि त्या विकणाऱ्याकडे टॅपेट कव्हर उघडायला जाशील तेव्हा मला आधी सांग, मी येतो.

तुझा,
सुधीर