वेलाची पानं पिवळी आहेत, पण तो आजारी नाही

मा. संपादक महोदय,

आपल्या बागकामाच्या पुरवणीत ‘वेलीची पानं पिवळी पडली की खत कमी पडलं असं समजा’ असा सल्ला वाचला. एरवी तो बरोबरच आहे. पण सोनेरी पानांच्या चमेलीने मला हाच सल्ला ऐकल्याबद्दल दोन वर्षं रडवलं, म्हणून हे पत्र.

जास्मिनम ऑफिसिनाले या सुवासिक चमेलीचा ‘फियोना सनराइज’ नावाचा वाण आहे. फुलं तशीच, पांढरी, पाच पाकळ्यांची, संध्याकाळनंतर जास्त घमघमणारी. पानं मात्र जन्मतःच पिवळी. मला तो भेट म्हणून मिळाला आणि कुंडीवरची चिठ्ठी वाटेतच कुठेतरी गळली. मी पाहिलं ते इतकंच, की रोप पिवळं पडलंय. झालं, युरिया सुरू. दर पंधरा दिवसांनी चमचाभर.

वेल सुटला तो सुटलाच. हातहात लांब फुटवे, आणि फूल एकही नाही. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की हा वेल नुसता पानांच्या मागे लागतो, हे मला फार उशिरा कळलं. त्यातच बुंध्याजवळून एक फुटवा आला, गर्द हिरवा. मी खूश! म्हटलं, बरं वाटायला लागलं याला. त्या फुटव्याला मी हाताने जाळीवर वळवलं, त्याच्या आड येणारे दोन पिवळे फाटे छाटूनसुद्धा टाकले. वर्षभरात निम्मी जाळी हिरवी झाली आणि सोनेरी भाग एका कोपऱ्यात आक्रसला.

तो हिरवा फुटवा म्हणजे वाण मूळ रूपावर उलटला होता. पिवळ्या पानात हरितद्रव्य कमी, त्यामुळे त्याची वाढ सावकाश. हिरवा फुटवा जास्त अन्न बनवतो आणि सोनेरी भावंडांना मागे टाकतो. असा फुटवा दिसताच तो जिथून निघाला तिथूनच पूर्ण कापून काढायचा असतो. मी त्याला खतपाणी घालून मोठा केला.

आजार आणि रंग यांतला फरक ओळखायला मला आता काचेची खिडकी पुरते. पान उजेडासमोर धरायचं. लोह कमी पडलं असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते, जाळीसारखी. या वाणाच्या पानात तसली जाळी नसते. पाच-सात छोट्या पर्णिका, सगळ्या शिरांसकट पिवळ्या. शिवाय सर्वांत झळाळतं पान शेंड्याचं, आणि ते तजेलदार असतं. आजारी पान असं टवटवीत दिसेल का?

रंगाचा खरा मालक ऊन आहे. माझी कुंडी आधी सावलीत होती तेव्हा पानं पोपटी झाली होती (मी तेही युरियाचं यश समजले होते). आता सकाळचं ऊन भरपूर मिळतं. दुपारचं कडक ऊन आणि त्यात कोरडी माती असली, तर मात्र कडा करपतात. पाणी मुरावं, पण साचू नये. याला तणावे नसतात, स्वतःच पीळ घालत चढतो, म्हणून जाड खांबापेक्षा तार किंवा बारीक काठ्या बऱ्या. छाटणी बहर ओसरल्यावर. मी एकदा ऐन कळ्यांच्या तोंडावर कात्री चालवली होती, त्याबद्दल न बोललेलंच बरं. आणि रोप वाढवायचं तर सोनेरी फांदीचंच दाब कलम करावं (म्हणजे वेलावरची फांदी मातीत दाबून तिला मुळं फुटू द्यावीत), बियांच्या रोपात हा रंग उतरेल याचा भरवसा नाही.

आपल्या लेखकांवर माझा राग नाही. एवढंच सुचवते, की पुढच्या वेळी ‘आधी वाणाचं नाव विचारा, मग खत द्या’ अशी एक ओळ त्या सल्ल्याला जोडावी.

युरिया बंद करून आता तीन बहर झाले. जाळी पुन्हा सोनेरी आहे. तो हिरवा फुटवा कापला, पण टाकून देववला नाही. त्याचा एक तुकडा दुसऱ्या कुंडीत खोचला, तो जगला. फुलं त्यालाच जास्त येतात, हेही कबूल करते.

आपली,
एक नियमित वाचक