मंगळवेढ्याहून पंढरपूर

चि. वैष्णवी हिस अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप घरी पोचलो. पायाचे फोड बसत आलेत, तुझी आई रोज रात्री हळद-तेल लावून देते, तेव्हा काळजी नसावी. फोनवर वारीचं बरंच बोललो, पण शेवटच्या दिवसाचं राहिलं. ते सावकाश लिहायचं होतं, कारण त्याचा तुझ्या कामाशीही संबंध आहे.

शेगावहून निघालेली महाराजांची पालखी सातशेवर किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. महिनाभर लागतो. ऐन पेरणीच्या दिवसांत आपल्याला तेवढी सवड कुठली? म्हणून कपाशी-सोयाबीन पेरून झाल्यावर आम्ही गावातली मंडळी एस.टी.नं सोलापूर गाठलं नि तिथून पालखीच्या मागं चालू लागलो. शेवटचा मुक्काम मंगळवेढ्याला होता.

काय जमीन आहे गं तिथली! काळीभोर, खोल, पाय ठेवला की चपलेला चिकटून येणारी. आषाढात आपल्याकडं डवरणी-निंदणीची घाई असते, आणि तिथं शिवारच्या शिवार मोकळं पडलेलं. मी एका शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, आमची मालदांडी रब्बीची, पाऊस जमिनीत मुरू द्यायचा आणि मग पेरायची. ज्या म्हातारीच्या ओसरीवर आम्ही टेकलो, तिनं त्याच ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. भाकरी थापताना तिचा हात परातीत असा फिरत होता की कडेला एक चीर नाही. पैसे घ्यायचं नाव काढलं तर रागावली. दामाजीपंतांचं गाव ते. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्याच्या गावात असं माणूस भेटलं, याचं मला फार बरं वाटलं.

पण माझं चित्त लागलं होतं चोखोबांच्या जागेकडं. चोखोबा आपले. त्यांच्या जन्माबद्दल कुणी दुसरी गावंही सांगतात, पण आपल्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हेच त्यांचं जन्मगाव, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. एवढ्या लांबचा माणूस, देवळात पाऊल टाकायची बंदी असलेला, आणि मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर राबताना १३३८ साली भिंत कोसळून गेला. एकटा नाही, सोबतचे मजूरही गेले. नामदेव महाराज आले तेव्हा सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळली होती. त्यांनी एकेक हाड कानाशी लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं तेवढी गोळा करून पंढरपूरला नेली, अशी कथा आहे.

ही कथा लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय. पण त्या गावातून चालत निघालो तेव्हा बाकीच्या मजुरांचा विचार डोक्यातून जाईना. त्यांची हाडं तिथंच राहिली. ते कुठल्या गावचे, घरी कोण होतं, कुणी लिहून ठेवलं नाही.

पुढची पंचवीसेक किलोमीटरची वाट टाळ-मृदंगाच्या नादात कशी सरली कळलं नाही. पांढऱ्या कपड्यांतले पालखीचे वारकरी अशा शिस्तीत चालतात की रांग मोडत नाही, पावसाची सर आली तरी नाही. आम्ही मागचे मात्र चिखल तुडवत, एकमेकांना माउली म्हणत, हात देत चाललो. पंढरपूर आल्यावर गर्दी अशी की पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. दर्शनबारी बघूनच धीर सुटत होता. मी आधी महाद्वाराशी गेलो. नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. नेलेला आपल्या शेतातल्या कापसाचा हार तिथं वाहिला आणि डोकं टेकवलं. देवळाच्या इतकं जवळ, पण दाराबाहेर! ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण केलं, तेव्हा कुठं ते उघडलं. मध्ये सहाशे वर्षं गेली, वैष्णवी. मला तिथं उभं राहवेना, डोळे भरून आले.

आता तुझ्या कामाचं. तू पुण्याला साइटवर इंजिनियर आहेस. आपल्याकडची किती घरं दिवाळीनंतर बांधकामावर जातात, तुला माहीत आहे. खोदलेल्या खड्ड्याच्या कडेला मातीला आधार दिलाय का, पावसानंतर परांची तपासलीय का, हे ठेकेदाराच्या तोंडी हमीवर सोडू नकोस. घाई कर म्हणून वरून कितीही फोन आले तरी आधी स्वतः बघ, मगच माणसं खाली उतरव. नोकरी नवीन आहे म्हणून बोलायला कचरू नकोस. काही झालं तर घर आहे, शेत आहे, मी आहे.

आणि एक काम कर. तुझ्या साइटवर जेवढी माणसं आहेत त्यांची नावं, गावं आणि घरच्यांचे फोन एका वहीत लिहून तुझ्याजवळ ठेव. ठेकेदाराच्या यादीत अर्ध्यांची नावं नसतात. त्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडचं कुणी निघालं तर मला कळव, त्यांच्या घरी मी जाऊन येईन.

बुक्का आणि चुरमुऱ्याचा प्रसाद मावशीच्या हाती पाठवतोय. सोमवारपासून निंदणी धरलीय.

तुझे
बाबा